मुरबाडच्या शेतावर घराबाहेरचा संडास: शोषखड्डा घ्यावा की कोरडा?

खाडीकाठ (ठाणे), मे

नमस्कार. मुरबाड तालुक्यात टोकावड्याच्या अलीकडे आमची थोडी जमीन आहे आणि निवृत्तीनंतर वर्षातले बरेचसे महिने तिथेच राहावे असे आम्हा उभयतांचे ठरले आहे. दोन खोल्यांचे घर झाले आहे. विजेची जोडणी घेतलेली नाही. दिवे आणि मोबाइल सौर पॅनेलवर चालतात. पाणी विहिरीचे आहे, परंतु होळी झाली की तिचा तळ दिसू लागतो आणि त्यापुढे पिण्यापुरते मिळाले तरी समाधान मानावे लागते. विहीर जमिनीच्या खालच्या अंगाला आहे, घर वरच्या अंगाला.

प्रश्न संडासाचा आहे. घरात न घेता बाहेर, वीस-पंचवीस पावलांवर बांधावा असे वाटते. गवंड्याचे म्हणणे असे की दहा फूट खोल खड्डा काढून सिमेंटच्या रिंगा उतरवाव्यात, तळालाही सिमेंट करावे, म्हणजे "जन्मभर बघायला नको". एका दुकानदाराने प्लॅस्टिकची तयार सेप्टिक टाकी सुचवली. जमिनीत दोन-अडीच फूट मुरूम लागतो आणि मग काळा खडक. आमच्यासोबत माझी आई असेल, तिचे वय ऐंशीच्या घरात आहे आणि गुडघे दुखतात. ज्यांनी अशा ठिकाणी संडास बांधून काही वर्षे वापरला आहे त्यांनी मार्गदर्शन करावे.

पायथ्याचा शेतकरी (शहापूर)

गवंड्याला आधी थांबवा. तळाला सिमेंट केलेला आणि बाहेर जाण्यास वाट नसलेला खड्डा म्हणजे नुसता हौद होय. त्यातले पाणी मुरणार नाही आणि तो पहिल्याच पावसाळ्यात तोंडापर्यंत येईल. शोषखड्ड्याचा तळ मातीचाच ठेवायचा असतो आणि भिंतीचे वीटकाम जाळीदार करायचे असते, जेणेकरून पाणी आणि वायू दोन्ही भोवतालच्या मातीत जिरतील. वायू मातीत जिरत असल्यामुळे पाण्याचा सापळा (म्हणजे वास अडवायला वाकड्या नळीत उभे राहणारे पाणी) असलेल्या भांड्याच्या शोषखड्ड्याला वर जाणारा नळही लागत नाही, जो आपल्याकडे हौसेने लावला जातो.

दुसरे, खोलीचा मोह सोडा. आपण हिशेब करून पाहू. पाण्याने धुणाऱ्या माणसाचा वर्षाकाठी खड्ड्यात साचणारा गाळ साधारण ४५ लिटर धरला जातो. एक मीटर व्यासाचा आणि एक मीटर कामाच्या खोलीचा खड्डा म्हणजे सुमारे ७८५ लिटर. तुम्ही तिघे असाल तर वर्षाला १३५ लिटर, म्हणजे एक खड्डा भरायला पावणेसहा वर्षे. असे दोन खड्डे एकमेकांपासून निदान एक मीटर अंतरावर घ्यायचे, मध्ये एक जंक्शन चेंबर, म्हणजे भांड्याकडून येणारा नळ दोन खड्ड्यांकडे फुटतो ती छोटी पेटी, ठेवायचा, आणि त्याचे एक तोंड विटेने व मातीने बंद करून एका वेळी एकच खड्डा वापरायचा. पहिला भरला की तोंड बदलायचे आणि पहिला दोन वर्षे तसाच झाकून ठेवायचा. दहा फुटांची गरज कुठेच येत नाही. उलट जितके खोल जाल तितके भूजलाच्या जवळ जाल आणि जितके भूजलाच्या जवळ जाल तितके स्वतःच्या विहिरीत स्वतःचा मैला सोडाल.

भांडे घेताना मात्र चोखंदळ राहा. ठाण्या-कल्याणच्या दुकानांत ओरिसा पॅन पुढे करतात, ते फ्लशच्या टाकीसाठी बनवलेले असते. तुम्हाला तीव्र उताराचे रूरल पॅन हवे, ज्याच्या सापळ्यात पाण्याची पातळी फक्त २० मिलिमीटर असते. त्याला दीड-दोन लिटर पाणी, म्हणजे एक भरलेले टमरेल आणि वर थोडे, पुरते. टाकीच्या फ्लशला एका वेळी दहा लिटरपर्यंत जातात, आणि हा फरक तुमच्या विहिरीला एप्रिलमध्ये जाणवेल. भांड्यापासून खड्ड्यापर्यंतच्या नळाला पंधरास एक इतका उतार द्या.

आता मुख्य गोष्ट. वर लिहिलेले सगळे तुमच्या जमिनीत करता येईल की नाही हे मे महिन्यात ठरत नाही. ते जुलै-ऑगस्टमध्ये ठरते. आपल्या पट्ट्यात चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि मुरमाखाली खडक असला की ते पाणी खाली जाण्याऐवजी खडकावरून आडवे वाहते. ठिकठिकाणी उपळ फुटतात. उन्हाळ्यात कोरडाठाक असलेला खड्डा श्रावणात आतून भरलेला दिसतो. खड्ड्याचा तळ भूजलाच्या सर्वांत वरच्या पातळीपासून दोन मीटर वर असावा असा नियम सांगितला जातो, आणि ही "सर्वांत वरची पातळी" पावसाळ्यातच पाहायला मिळते. म्हणून आत्ता एक चाचणीचा खड्डा काढा, कमरेइतका, त्यावर पत्रा टाका म्हणजे पाऊस थेट पडणार नाही, कडेने मातीचा बांध घाला म्हणजे वरचे पाणी ओघळणार नाही, आणि पाऊस सुरू झाल्यावर बघत राहा.

घोडबंदरी

चर्चा चांगली चालली आहे, परंतु सेप्टिक टाकीला इतका नकार का? शहरातल्या जुन्या सोसायट्यांत वर्षानुवर्षे त्या चालल्या आहेत. एकदा घातली की विषय संपला.

नळजोड (नवी मुंबई)

विषय संपत नाही, फक्त नजरेआड होतो. माझा व्यवसाय बांधकामातील नळकामाचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सेप्टिक टाकी मैला नाहीसा करत नाही. ती त्यातला गाळ खाली बसवते आणि वरचे पाणी पुढे सोडते. ते पाणी दिसायला पातळ असले तरी रोगजंतूंनी भरलेले असते, म्हणून त्याला पुढे शोषखड्डा किंवा चर लागतोच, आणि तिथे पुन्हा पायथ्याच्या शेतकऱ्यांनी मांडलेला भूजलाचा प्रश्न जसाच्या तसा उभा राहतो. खाली बसलेला गाळ दर दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. त्यासाठी मैला उपसणारा टँकर शेताच्या बांधापर्यंत यायला हवा. टोकावड्याच्या आतल्या पाणंदीत तो पावसाळ्यात तर येणार नाहीच, उन्हाळ्यातही चालक किती उत्साह दाखवील हे सांगता येत नाही.

प्लॅस्टिकच्या टाकीबाबत एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. भोवतालची जमीन पाण्याने भरली आणि टाकी रिकामी किंवा अर्धी असली तर ती नळ तोडून वर तरंगते. शेजारच्या तालुक्यातील एका शेतघरावर हे मी पाहिले आहे: ऐन पावसाळ्यात उपसा केला आणि दुसऱ्या दिवशी टाकीचा घुमट गवतातून हातभर वर आलेला होता. तिला खाली काँक्रीटचा पाया करून बांधून ठेवावे लागते, आणि मग स्वस्ताईचा मुद्दा उरत नाही.

डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या तंत्रावरचे जैवपाचक, म्हणजे जिवाणूंकरवी मैला कुजवणाऱ्या टाक्या, आता बाजारात मिळतात. रेल्वेच्या डब्यांत हेच तंत्र वापरले आहे आणि ते चांगले आहे, परंतु त्यालाही पाणी लागते आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याची सोय करावीच लागते. गोबरगॅसला जोडलेला संडास हा महाराष्ट्रात सिद्ध झालेला मार्ग आहे, देहूच्या डॉ. मापुसकरांनी त्यात आयुष्य घातले आणि २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मात्र तीन माणसांच्या मैल्यावर चूल पेटत नाही. जनावरे नसतील तर तो विचार बाजूला ठेवावा.

आणि एक कळकळीची विनंती. कोणत्याही बंद टाकीत किंवा जुन्या खड्ड्यात उतरू नका आणि पैसे देऊन दुसऱ्याला उतरवू नका. आतला हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू अधिक झाला की त्याचा वासही येईनासा होतो आणि माणूस हाक मारण्याआधी कोसळतो; त्याला काढायला गेलेला दुसराही तिथेच राहतो. हाताने मैला उपसण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे आणि अशा मृत्यूंसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. तरीही बातम्या थांबलेल्या नाहीत. संडासाचा आराखडा निवडताना मी सगळ्यात आधी हेच विचारतो की हा भरल्यावर उपसणार कोण. उत्तर "कोणाला तरी बोलावू" असे असेल तर तो आराखडा मी कागदावरच फाडून टाकतो.

नेरूळची मावशी

माझे माहेर शहापूर तालुक्यात आहे. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा धरणे याच तालुक्यात असून गावातल्या बायका मे महिन्यात डोक्यावर हंडे वाहतात, हे सर्वांना माहीत आहेच, त्यामुळे संडासात ओतायला पाणी ही चैनच. आमच्या शेतावर भावाने कोरडा संडास बांधला आणि आता घरातले सगळे तोच वापरतात. त्याची रचना सांगते.

जमिनीवर दोन फुटांचे भक्कम जोते घेऊन त्यावर शेजारी-शेजारी दोन खोके बांधले आहेत, प्रत्येकी साधारण एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि पाऊण मीटरहून थोडे उंच. खोक्यांना आतून गिलावा आणि तळाला पक्की लादी आहे, कारण इथे काहीही जिरवायचे नसते. वर स्लॅब, स्लॅबवर बसायचे भांडे, आणि मागच्या बाजूला प्रत्येक खोक्याला काढता येणारे फेरोसिमेंटचे (तारेच्या जाळीवर सिमेंट लिंपून केलेले) दार. भांड्याला तीन वाटा आहेत: पुढची लघवीसाठी, मधली मैल्यासाठी आणि मागची धुण्याच्या पाण्यासाठी. विधी झाल्यावर थोडे मागे सरकून धुवायचे. लघवी नळीने कॅनमध्ये जाते आणि धुण्याचे पाणी कर्दळीच्या व केळीच्या वाफ्यात. मैल्यावर प्रत्येक वेळी दोन करवंट्या भाताचे तूस आणि चुलीची राख यांचे मिश्रण टाकायचे, एवढेच.

वासाबद्दल सगळे विचारतात. वास येतो तो प्रामुख्याने लघवी आणि मैला एकत्र झाल्यामुळे. ते वेगळे ठेवले आणि वरचा थर कोरडा राहिला तर भाताच्या कोठीत येतो तसलाच वास येतो. पाहुण्यांना मात्र शिकवावे लागते. आमच्याकडे आतल्या भिंतीवर सूचना लिहिली आहे, तरी एखादे मेहुणे सवयीने बादलीभर पाणी मधल्या वाटेत ओततात. अशा वेळी आरडाओरडा न करता घमेलेभर तूस टाकायचे आणि दोन-तीन दिवस दार बंद ठेवायचे.

तूस मिळवणे अवघड नाही, भाताच्या गिरण्या जवळ आहेत. अवघड आहे ते पावसाळ्यात कोरडे ठेवणे. दिवाळीनंतर भरलेली पोती जून लागण्यापूर्वी निळ्या झाकणाच्या पिंपात रिकामी करावी लागतात, अन्यथा ऑगस्टमध्ये त्यांना बुरशी येते आणि ओले तूस टाकून काही उपयोग होत नाही.

घोडबंदरी

मावशी, हे म्हणजे जुना टोपलीचा संडासच परत आणल्यासारखे नाही का? आणि ते खत भाजीला?

नेरूळची मावशी

नाही. टोपलीच्या संडासात ताजा मैला रोज दुसऱ्या माणसाने उचलायचा असे, आणि त्या दुसऱ्या माणसाची जात आधीच ठरलेली असे. कायद्यातही अस्वच्छ शौचालय म्हणजे ज्यातला मैला पूर्ण कुजण्यापूर्वी हाताने हाताळावा लागतो ते. आमच्याकडे एक खोका भरला की तो बंद होतो आणि दुसरा सुरू होतो. पहिल्याला निदान वर्षभर कोणी हात लावत नाही, आम्ही दीड वर्ष ठेवतो, आणि उघडतो ते घरातलीच माणसे. कोकणात गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून सोनखताचा, म्हणजे मैल्याचे खत करणारा, संडास याच विचाराने गावोगाव नेला होता. ज्याचा मैला त्याने सांभाळावा, हे त्यांनी स्वतः झाडू हातात घेऊन दाखवले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आपल्यासारख्या उष्ण हवेत एक वर्षाहून अधिक काळ साठवण लागते. सगळ्यात चिवट असतात ती जंतांची अंडी. उघडल्यावर आत चहाच्या भुकटीसारखा काळपट, भुसभुशीत, मातीचा वास असलेला माल निघतो. तरीही आम्ही तो पालेभाजी, मुळा, गाजर यांना घालत नाही. आंबा, चिकू आणि नारळाच्या आळ्यात घालून वर माती ओढतो. हातमोजे घालतो आणि नंतर साबणाने हात धुतो.

खाडीकाठ (ठाणे), जुलैअखेर

सर्वांचे आभार. चाचणीचा खड्डा सांगितल्याप्रमाणे मे महिन्यातच काढला होता, पत्रा आणि बांधासह. तेव्हा तळाला हात लावला तर धूळ उडत होती. गेल्या रविवारी पाहिले तर वरून पाण्याचा थेंब गेलेला नसताना खड्ड्यात पाणी जमिनीपासून दोन फुटांवर स्थिर उभे आहे. वरच्या बांधाच्या बाजूच्या भिंतीतून, मुरूम आणि खडक यांच्या सांध्यातून, बोटाएवढी धार सतत येताना दिसते. पाणी काढून टाकले, संध्याकाळपर्यंत पुन्हा तितकेच झाले.

पायथ्याचा शेतकरी (शहापूर)

मग शोषखड्ड्याचा विचार पूर्ण सोडा. पातळी थोडी खाली असती तर खड्ड्याचा वरचा भाग जमिनीबाहेर काढून, भोवती भराव घालून, तळ बंद करून आणि अर्धा मीटर जाडीचे रेतीचे वेष्टण देऊन मार्ग काढता आला असता. दोन फुटांवर पाणी असताना तो खटाटोप करू नये. शिवाय तुमची विहीर खालच्या अंगाला आहे. मातीत विहिरीपासून दहा-पंधरा मीटर अंतर पुरते, कारण माती गाळते. खडकातल्या भेगा गाळत नाहीत. भेग जिथे जाईल तिथे पाणी जाते आणि सांध्यातली ती धार शेवटी तुमच्या विहिरीकडेच जात असणार. मावशींचा दोन खोक्यांचा कोरडा संडास तुमच्यासाठी योग्य आहे. धुण्याच्या पाण्याचा वाफादेखील विहिरीच्या रेषेत ठेवू नका, बाजूला न्या.

नळजोड (नवी मुंबई)

सहमत. आता बांधणीबद्दल, कारण कोरडा संडास पावसाने बिघडतो, वापराने नव्हे.

जोते वरच्या उताराच्या बाजूने अर्धगोल चर काढून वेगळे करा, म्हणजे वाहते पाणी दोन्ही अंगांनी निघून जाईल. छपराला चारही बाजूंनी दोन फुटांच्या पागोळ्या द्या, मागच्या दारांच्या बाजूला अडीच. तिरका पाऊस तिथूनच आत घुसतो. दारांच्या कडा चिखल-चुन्याने लिंपा, सिमेंटने नको, नाहीतर उघडताना फोडावी लागतील. भिंतीला कारवीचा कूड वर शेण-मातीचा लेप देऊनही चालतो, वजन कमी पडते. खालचा दोन फुटांचा भाग मात्र विटांचा असावा. पत्र्याऐवजी मंगलोरी कौले घातलीत तर दुपारी आत बसवते.

कोरड्या संडासाला वर जाणारा नळ लागतोच, शोषखड्ड्याच्या उलट. प्रत्येक खोक्यातून एक ११० मिलिमीटरचा पीव्हीसी नळ छपराच्या अर्धा मीटर वर न्या आणि बाहेरून काळा रंगवा. वरून वारा गेला की आतली हवा ओढली जाते. नळाच्या तोंडाला जाळी बसवा, स्टीलची. नायलॉनची जाळी एका उन्हाळ्यात ठिसूळ होते. ही जाळी म्हणजे माश्यांचा सापळा आहे. आतली खोली मंद प्रकाशाची ठेवली आणि भांड्यावर झाकण असले की खोक्यातील माशी उजेडाकडे, म्हणजे नळातून वर जाते आणि जाळीखाली अडकून मरते. ही युक्ती १९७० च्या दशकात झिंबाब्वेत, त्या वेळच्या ऱ्होडेशियात, रुळली आणि तिथून जगभर गेली. वर्षातून एकदा नळात वरून बादलीभर पाणी न ओतता लांब काठीला फडके बांधून आतली कोळिष्टके काढा. जाळे लागलेला नळ निरुपयोगी होतो.

आईंसाठी: पायऱ्यांऐवजी बारास एक उताराची चढण करा, तिला बांबूचा नव्हे तर लोखंडी नळाचा कठडा द्या, आणि भांड्यावर ठेवता येईल अशी, लघवीची वाट वेगळी ठेवणारी उंच बैठक सुताराकडून करून घ्या. दार बाहेर उघडणारे असावे. आत कोणी पडले तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाने अडते.

नेरूळची मावशी

रात्रीचा विचार करा. घरापासून संडासापर्यंतची वाट फरशीची आणि दोन्ही बाजूंनी हातभर गवत काढलेली ठेवा. आपल्या भागात घोणस, मण्यार आणि फुरसे तिन्ही आहेत आणि तुसाचे पिंप जिथे तिथे उंदीर, उंदीर तिथे साप. पिंपाचे झाकण घट्ट हवे. दिवा बाहेर लावा, आत नको, आतल्या दिव्याने किडे येतात. आत जाताना विजेरी घेऊन जायची आणि बसण्यापूर्वी झाकण काठीने उचलायचे. हे आमच्याकडे नातवंडांनाही पाठ आहे.

घरात पाळीच्या वयाच्या मुली येणार असतील तर झाकणाचा वेगळा डबा ठेवा. पॅड खोक्यात गेले की दीड वर्षाने तसेच बाहेर येते. फिनेल आणि ॲसिडची बाटली संडासाच्या आसपासही ठेवू नका. कुजवणारे जीव मरतात आणि मग खरा वास सुरू होतो. भांडे ओल्या फडक्याने पुसायचे, बस.

खाडीकाठ (ठाणे)

मनापासून आभार. दसऱ्यानंतर काम सुरू करत आहोत. गवंड्याला दोन खोके ऐकून आधी हसू आले, चाचणीच्या खड्ड्यातली धार दाखवल्यावर गप्प झाला. दोनच शंका उरल्या आहेत. हात धुण्याचे पाणी कुठून घ्यावे, आणि लघवीचे काय करावे?

पायथ्याचा शेतकरी (शहापूर)

छपराचे पाणी घ्या. चार चौरस मीटर छप्पर धरले तर आपल्या पावसात दहा हजार लिटरच्या आसपास पडते. तुम्ही किती साठवू शकता तीच मर्यादा. पन्हळ लावून पाचशे लिटरची टाकी भरा आणि ती फक्त हातांसाठी ठेवा. पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी आत घेऊ नका, कौलांवरची घाण त्यात येते. पायाने दाबून कलणारा कॅन लावला तर हात धुवायला पेलाभर पाणी पुरते आणि नळाला अस्वच्छ हात लागत नाही.

लघवी बंद कॅनमध्येच ठेवा, उघडी ठेवली तर नत्र अमोनिया होऊन उडून जाते. एकास पाच ते दहा पट पाणी घालून झाडाच्या खोडापासून दूर, मातीत, संध्याकाळी द्या. घरच्याच कुटुंबाच्या पिकाला थेट दिली तरी चालते, मात्र काढणीपूर्वी महिनाभर बंद करा. बाहेर विकायचा माल असेल तर सहा महिने साठवून मग वापरा. पावसाळ्यात देऊ नका, वाहून जाते. त्या चार महिन्यांसाठी तिघांना वीस-वीस लिटरचे दोन कॅन अजिबात पुरणार नाहीत, आत्ताच दोनशे लिटरची दोन पिंपे सांगून ठेवा आणि ती भरली की उरलेली कोरड्या पालापाचोळ्याच्या ढिगावर, छपराखाली, ओता. ढीग कुजायला नत्र हवेच असते.

नळजोड (नवी मुंबई)

लघवीची नळी किमान ४० मिलिमीटरची घ्या आणि कुठेही आडवी ठेवू नका. बारीक नळीत पांढरा क्षार साठून ती बंद पडते. कॅनपाशी नळी तळापर्यंत बुडवलीत तर वास परत वर येत नाही. काम सुरू करण्यापूर्वी ग्रामपंचायतीत कळवून ठेवा.